वणीच्या गाडीचा भेजा

१

सेवादास मिस्त्रीला कागदाचा राग होता. माणूस बोलतो, इंजिन बोलतं. कागद नुसता पडून राहतो आणि वर शहाणपणा शिकवतो, असं त्याचं म्हणणं.

दिग्रसला दारव्हा रोडवर त्याचं गॅरेज. टिनाचं शेड, पुढे कडुलिंब, भिंतीवर सेवालाल महाराजांचा फोटो आणि फोटोखाली गाड्यांच्या कंपनीची पाटी. ही पाटी मिळवायला त्याला अमरावतीला ट्रेनिंगमध्ये दोन दिवस खुर्चीवर बसावं लागलं होतं. दोन्ही दिवस तो पंख्याकडे बघत बसला, मिळेल तेवढा चहा प्याला आणि सर्टिफिकेट घेऊन परत आला. गाडी तपासायची त्याची रीत चाळीस वर्षांत बदलली नव्हती. गाडी सुरू करायची, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. कोणता व्हॉल्व्ह वाजतो, कोणतं बेअरिंग रडतं, सगळं त्या लोखंडातून कानात यायचं.

पाटी लागली आणि दर महिन्याला कुरिअरनं सर्क्युलर यायला लागलं. नव्या गाड्यांत काय बदललं, कोणता बिघाड कसा शोधायचा, तपासणीच्या मशीनमध्ये नवं काय टाकलं. शेजारीच त्याच्या मुलीचं, दीपाचं, झेरॉक्सचं दुकान होतं. ती बारावी पास. तिनं वाचायचं आणि यानं ऐकायचं असं ठरलं होतं.

"बा, ऐक. सर्क्युलर नंबर सतरा. कंट्रोल युनिट बदलताना घ्यायची काळजी."

"बस झालं."

"अजून सुरू तं होऊ दे!"

"काळजी घ्या म्हंते नं? मी का चाळीस वर्सं बिनकाळजीनं पाने फिरवले? ठेव तिकडे."

दीपाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, ती उठून गेली. सतरा नंबर खिळ्याला टांगला गेला. दोन दिवसांनी मिस्त्रीनं तो खाली अंथरला आणि त्याच्यावर रॉकेलमध्ये धुतलेले नट वाळत घातले.

२

कंट्रोल युनिट म्हणजे नव्या डिझेल गाड्यांतला चौकोनी डबा. डॅशबोर्डच्या मागे बसतो. चार स्क्रू, दोन सॉकेट. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, सगळं तोच ठरवतो. दिग्रसचे मिस्त्री त्याला भेजा म्हणायचे. भेजा गेला की गाडी म्हणजे बिनबैलाची बंडी.

श्रावणच्या जीपचा भेजा गेला तो ऐन वेचणीत. कापसाचे ते दिवस वाईटच. भाव नव्हता, दिग्रसच्या निम्म्या जिनिंग कारखान्यांना कुलपं होती, आणि जवळच्या शेतांत मजूर लावायची कोणाची छाती होत नव्हती. तांड्यावरच्या बायांना काम मिळालं होतं ते पार बोरी अरबकडे. श्रावण त्यांना पहाटे न्यायचा, संध्याकाळी साडेपाचला शेतातून परत निघायचा. चौदा बाया. त्यांतलीच त्यांची मुकादम जमनी, सेवादासची धाकटी बहीण.

जमनीची एक खोड होती. बाया गाडीत चढल्या की एकेकीच्या डोक्याला हात लावून ती मोठ्यानं मोजायची. उतरल्या की परत मोजायची. एकदा एक बाई तापानं कापसाच्या पऱ्हाटीतच पडून राहिली होती आणि गाडी तिला सोडून आली होती. तेव्हापासूनची ही खोड. जमनीच्या तोंडून चौदा निघाल्याशिवाय श्रावण चाक हलवत नसे.

"भिया, गाडी कवा देतं?" जमनी गॅरेजात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नवा भेजा यायले महिना लागते म्हंते कंपनी."

"महिन्यानं का मी पऱ्हाट्या मोजू? वेचनी सरते तोवर. चौदा घरच्या चुली तुह्या त्या डब्यावर टांगल्या हायेत. मिस्त्री म्हनवते अन् एक डबा भेटत नाई तुले!"

असं बोलल्यावर सेवादास वणीला गेला नसता तरच नवल. दिवसभराची एसटी. वणीला उत्तमसिंगचं भंगाराचं आवार, आणि त्या आवारात श्रावणच्या जीपच्याच जातीची एक जीप पडून आहे, हे त्याला माहीत होतं.

जीप कोळशाच्या ट्रकवर आदळलेली होती. पुढचं तोंड राहिलंच नव्हतं. ड्रायव्हरचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं. सेवादासनं आत डोकं घातलं आणि पहिली नजर गेली ती ब्रेकच्या पायडलवर. पायडल तळाला टेकलेलं होतं. कोणी अजून दाबून धरलं असावं तसं.

"हे काहून खाली गेलं बे?"

"अटकलं हाये," उत्तमसिंग म्हणाला. "दोन मानसं लावले, लोखंडी सब्बल घालून पाह्यली. हलत नाई."

"ड्रायव्हर?"

"गेला."

"अन् सवाऱ्या?"

उत्तमसिंगनं पान थुंकलं. "माह्याकडे लोखंड येते मिस्त्री. सवाऱ्या कुठी गेल्या ते येत नाई."

मेलेल्याच्या गाडीचं सामान घ्यायचं तर मिस्त्री लोकांचा जुना नेम आहे. जिथं माणसाचं अंग लागलं ते घ्यायचं नाही. स्टिअरिंग नाही, सीट नाही, गिअरची मूठ नाही, हॉर्न नाही, पायडलं नाहीत. बाकी लोखंडाला काही होत नाही. सेवादासनं हा नेम कधी मोडला नव्हता आणि आजही मोडतो आहे असं त्याला वाटलं नाही. डबा आत, अंधारात, पत्र्याच्या आड. त्याला माणसाचं बोटसुद्धा लागत नाही. त्यानं चार स्क्रू काढले, दोन सॉकेट उपटले आणि डबा पिशवीत टाकला.

३

भेजा बसला. जीप पहिल्या चावीत सुरू झाली. मिस्त्रीनं पेचकस कानाला लावला आणि ऐकलं. चारही सिलेंडर साफ. श्रावणला सांगावा गेला, संध्याकाळी ने म्हणून.

मिस्त्री चहाचा कप घेऊन कडुलिंबाखाली बसला. एका चालू असलेल्या जिनिंगचा चारचा भोंगा झाला. त्यानंतर दहा मिनिटांनी पुसदची लाल गाडी रोडवरून जायची. ती गेली, धूळ उडाली, आणि धुळीत त्याला दिसलं की जीपचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले आहेत.

चावी त्याच्या खिशात होती. जीपमध्ये कोणी नव्हतं.

ऊन पडलं असेल काचेवर, असं म्हणत तो उठला आणि पुढे हात धरून सावली केली. दिवे लागलेलेच होते. आतून एक आवाजही आला. टक. आणि मग फुस्स करून हवा सुटल्यासारखा. हा आवाज प्रत्येक मिस्त्री झोपेतही ओळखेल. ब्रेक दाबला की होतो तो.

एक बिडी संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ दिवे राहिले. मग गेले.

"स्विच गेला असंन," मिस्त्री मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं, तरी म्हणाला. श्रावण आला तेव्हा त्यानं यातलं काही सांगितलं नाही. एवढ्याशा स्विचचं काय सांगायचं?

तीन दिवस जीप गेली आणि आली. चौथ्या दिवशी सकाळी जमनी स्वतः जीप घेऊन आली, म्हणजे श्रावणच्या शेजारी बसून.

"भिया, या गाडीत कोन बसते रे?"

"कोन बसन? तू बसतं अन् तुह्या बाया."

"मस्करी नोको करू. गाडी वावराच्या धुऱ्यावर उभी राह्यते. आमी पार तिकडे वेचून राह्यलो असतो. पानी प्यायले कोनी आली की सांगते, गाडीत कोनी ब्रेक मारून राह्यलं. काल मीच गेलती. दिवे लागेल होते. मी म्हनलं श्रावन असंन. श्रावन तं झाडाखाली घोरत होता."

"किती वाजता?"

"मले घड्याळ हाये का? ऊन कलतं तवा."

श्रावणनं मान हलवली. "स्विचच असंन नं मिस्त्री?"

"मंग का भूत असंन? ठेव गाडी. आज दुसऱ्या कोनाची सांग बायाइले."

४

मिस्त्रीनं ब्रेकचा स्विच बदलला. नवाकोरा, पुडीतून काढलेला. मग वायरिंग पूर्ण सोडून बघितलं. कुठं खरचटलेलं नाही, उंदरानं कुरतडलेलं नाही. ब्रेकऑइल बघितलं, बूस्टरचा पाइप बघितला. सगळं साफ. उन्हानं पत्रा तापतो, फुगतो, त्यानं काही हलत असेल, हाही विचार त्यानं केला. आणि मग जीप सावलीत ढकलली. शेवटी त्यानं स्विचपासून दिव्यांकडे जाणारी वायरच कापून टाकली. आता दिवे लागायचा प्रश्नच नव्हता.

पण भोंगा झाला तेव्हा त्यानं हातातलं काम ठेवलं. ड्रायव्हरचं दार उघडलं, बाहेर तेलाचा एक रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसला आणि पायडलकडे बघत राहिला. स्वतःला शिव्या देत बसला. साठी उलटली आणि अक्कल गेली, असं स्वतःलाच म्हणाला.

त्याच वेळी रोडवर मोटरसायकल थांबली. राजदीप आला होता, कंपनीचा अमरावतीचा इंजिनियर. महिन्यातून एकदा तो यायचा, गळ्यात स्कॅनर अडकवून, नवं अपडेट टाकायला.

"काका, बरी गाडी उघडून ठेवलीत. हिच्यावरच अपडेट करून दाखवतो."

"दाखव," मिस्त्री म्हणाला. पायडलवरची नजर त्यानं काढली नाही.

राजदीपनं दुसऱ्या बाजूनं येऊन केबल जोडली, चावी एक घर फिरवली आणि बोनेटजवळ जाऊन स्कॅनर बघत उभा राहिला. रोडवरून पुसदची लाल गाडी गेली.

पायडल खाली गेलं.

हळू नाही. एकदम, तळापर्यंत, साऱ्या अंगाचा भार टाकून दाबावं तसं. फुस्स झालं. आणि ते तिथंच राहिलं, बारीक थरथरत.

"काका, ब्रेकवरचा पाय काढा," राजदीप स्कॅनरमध्ये बघत म्हणाला. "इथं दाबलेला दाखवतोय."

मिस्त्री डब्यावर बसून होता. त्याचे दोन्ही पाय बाहेर, मातीत होते.

"काढला," तो म्हणाला.

"नाही, अजून आहे. दाबलेला, पूर्ण." राजदीपनं मशीनला टिचकी मारली. "सेन्सर गेलेला दिसतोय. थांबा, जुनी नोंद बघतो." त्यानं बोटानं एकेक ओळ सरकवत वाचली. "काका, हा भेजा या गाडीचा नाही."

"वणीचा हाये."

"तुम्ही सतरा नंबर वाचलं नाही का?"

५

सतरा नंबर दीपानं नटांच्या खालून काढला. रॉकेलचे गोल गोल डाग पडले होते, पण अक्षरं दिसत होती. तिनं या खेपेला पूर्ण वाचलं आणि मिस्त्रीनं पूर्ण ऐकलं. दुसऱ्या गाडीचं युनिट जसंच्या तसं बसवू नये. आधीच्या गाडीचं शिकलेलं त्यात राहतं. मशीननं ते पुसल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. शेवटची ओळ ठळक अक्षरात होती.

"शिकलेलं म्हंजे?" मिस्त्रीनं विचारलं.

"ती गाडी कशी चालायची ते," राजदीप म्हणाला. "आणि शेवटी काय झालं, तेवढं तर हा डबा जपूनच ठेवतो. हे बघा. वेळ चार-दहा. वेग अठ्ठ्याहत्तर. ब्रेक पूर्ण दाबलेला. आणि पुढच्या ओळीत वेग शून्य." त्यानं मशीन बंद केलं. "पुसायचं अपडेट पुढच्या महिन्यात येईल. तोवर ही गाडी हलवू नका. कागदोपत्री नाही सांगत काका, खरंच सांगतोय."

"पायडल हलवते का हा डबा?" मिस्त्रीनं एकदम विचारलं.

राजदीप हसला. "डबा पायडल कसं हलवेल? त्याला काय पाय आहेत?"

मिस्त्री हसला नाही. जीप भरधाव चालली आहे, मागे चौदा बाया आहेत आणि पायडल असं एकदम तळाला गेलं तर काय होतं, हे सांगायला त्याला कोणत्या मशीनची गरज नव्हती. गाडी कोलांटी खाईल.

राजदीप निघाला तेव्हा मिस्त्रीनं त्याला कोपऱ्यात घेतलं. "श्रावनले सांगू नोको. उद्या मीच डबा काढतो. जळला म्हनून सांगतो."

"खरं सांगा ना काका."

"तू शिकव मले आता. मेलेल्याच्या गाडीचा सामान बसवला म्हनून तांड्यात नाव खराब होईन माह्यं. चाळीस वर्सात कोनी बोट नाई दाखवलं."

राजदीप गेला. मिस्त्रीनं चावी खिळ्याला टांगली, सतरा नंबरच्या शेजारी, आणि घरी गेला. श्रावणच्या घरावरूनच त्याची वाट होती. श्रावण ओट्यावर बसलेला होता. रामराम झाला. तिथं दोन शब्द बोलला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. नाही बोलला.

६

सकाळी नऊला येऊन बघतो तर कडुलिंबाखाली जीप नाही. चावी खिळ्यालाच होती. श्रावणकडे दुसरी चावी आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. स्विच बदलायला गाडी ठेवली, स्विच बदलून झाला असेल, असा श्रावणचा सरळ हिशेब. पहाटेच घेऊन गेला.

मिस्त्री रोडकडे बघत उभा राहिला. मग त्यानं विचार केला. रोज साडेपाचला शेतातून निघतात. चार-दहाला गाडी शेताच्या धुऱ्यावर उभी असते. उभ्या गाडीचा ब्रेक दाबला तर दाबला. संध्याकाळी येईल तेव्हा डबा काढू. त्यानं स्वतःची समजूत घातली आणि एका ट्रॅक्टरचा पंप खोलायला घेतला.

पावणेदोनला दीपा जेवणाचा डबा घेऊन आली. "बा, जेवून घे. मले आज दुकान लवकर बंद करा लागन. बाजार हाये नं. आत्यानं कालच सांगतलं, साडेतीनलेच निघून येतो, मंग संगच जाऊ."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"किती वाजता निघते म्हने?"

"साडेतीन. काहून?"

साडेतीनला निघालं की चार-दहाला गाडी कुठं असेल, याचं गणित त्याला येत होतं. बोरी अरबच्या अलीकडचा उतार आणि उताराच्या तळाला नदीचा पूल. त्या उतारावर श्रावण कधी ब्रेक लावत नसे. डिझेल वाचतं म्हणायचा.

दीपानं श्रावणला फोन लावला. शेतात रेंज नव्हती. फोनमधली बाई तेच तेच वाक्य बोलत राहिली.

"तुही स्कूटी काढ," मिस्त्री म्हणाला. आयुष्यात तो कधी मुलीच्या मागे बसला नव्हता. आज बसला. हातात दहा नंबरचा पाना आणि पेचकस. दारव्हा गेल्यावर त्यानं दीपाला सगळं सांगितलं. वणीचं, नेमाचं, पायडलचं. वाऱ्यामुळे तिला अर्धंच ऐकू आलं असेल. तिनं फक्त स्कूटीचा कान अजून पिळला.

७

पुलावर पोचले तेव्हा दीपाच्या मोबाइलमध्ये चार वाजून दोन मिनिटं झाली होती. उतार रिकामा होता. आपण येण्याआधीच गाडी पार झाली असेल का, हा विचार मिस्त्रीच्या मनात आला, पण रस्त्यात तर भेटली नाही. त्यानं पुलाच्या कठड्यावरून खालीही बघितलं. खाली म्हशी बसल्या होत्या. त्याला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं म्हशी बघून.

चार वाजून पाच मिनिटांनी जीप माथ्यावर दिसली. भरलेली, टपावर कापसाचं गाठोडं, धूळ उडवत, सुसाट.

सेवादास रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले.

श्रावणनं हॉर्न मारला. हा हलला नाही. मग खरकन ब्रेक लागला, बाया एकमेकींवर आदळल्या आणि जीप त्याच्यापासून चार पावलांवर थांबली.

"मरायचं हाये का मिस्त्री!" श्रावण ओरडला.

"उतरा! साऱ्या उतरा! श्रावन, तूबी. दगड लाव चाकाले, पह्यले दगड लाव!"

"भिया, तुले का झालं?" जमनी आतून.

"जमने, तोंड बंद ठेव अन् उतर! उतर म्हनतो नं!"

बाया बडबडत, शिव्या देत उतरल्या. कोणी म्हणाली, म्हाताऱ्याला ऊन लागलं. श्रावणनं चारही चाकांना दगड लावले आणि तो मिस्त्रीसमोर येऊन उभा राहिला, तोंड लाल झालेलं. तेव्हा सेवादासनं साऱ्यांच्या समोर सांगितलं.

"तुह्या गाडीत मेलेल्याच्या गाडीचा भेजा बसवला मी. वणीचा. कंपनीनं कागद धाडलता, तो मी ऐकला नाई. मंग कळलं, तरी काल तुले सांगतलं नाई. लाज वाटली. आता घाल का शिव्या घालायच्या त्या."

श्रावणनं तोंड उघडलं. शिवी आली नाही. कारण तेवढ्यात टक झालं.

मागून दिवे लागले नाहीत, वायर कापलेली होती. पण तो फुस्स आवाज साऱ्यांनी ऐकला. रस्त्यावर दुसरं काहीच वाजत नव्हतं. चौदा बाया मागे सरकल्या.

ड्रायव्हरचं दार उघडंच होतं. सेवादास सगळ्यांत जवळ होता. पायडल तळाला गेलेलं त्यानं बघितलं. आणि त्याच्या रबरावर, पांढऱ्या धुळीत, पाच खळगे पडले होते. एक मोठा, चार लहान. बघता बघता ते खोल झाले. अनवाणी पायाचं बोट जोर लावताना जसं रबरात रुततं, तसे. त्याच्या वर काहीच नव्हतं. सीट होती, सीटवरचा श्रावणचा गमछा होता, आणि गमछा मधोमध दबलेला होता.

बिडी संपायला लागतो तेवढा वेळ गेला. पायडल वर आलं नाही. अजून तेवढाच गेला. गाडीचा पत्रा थरथरायला लागला. मागच्या चाकाचा एक दगड सुटला आणि उतारावरून गडगडत गेला.

मग जमनी पुढे झाली. तिला काय सुचलं कोण जाणे. नंतर विचारलं तर म्हणायची, मी तर रोजच्यासारखंच केलं, बाया उतरल्या म्हणून मोजल्या. तिनं पहिल्या बाईच्या डोक्याला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "एक."

"दोन. तीन. चार." ती थांबली नाही. एकेकीला हात लावत गेली. कोणी रडत होती, कोणी डोळे मिटले होते. "अकरा. बारा. तेरा." आणि शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "चौदा. साऱ्या उतरल्या."

पायडल वर आलं.

सावकाश आलं, दमल्या माणसानं पाय उचलावा तसं. आतून एक लांब फुस्स निघाला. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एवढी हवा नसते, हे मिस्त्रीला माहीत होतं. मग गमछ्याची घडी हळूच फुगली आणि सारं थांबलं.

सेवादास रस्त्यातच खाली बसला. त्याला हसू येत होतं आणि त्याच वेळी नाक गळत होतं. चौदा बाया रस्त्यावर उभ्या होत्या, साबूत, धुळीनं माखलेल्या, बोंडांनी ओरबाडलेल्या हातांच्या. जमनीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. जोरातच पुसलं.

"एवढीशी गोष्ट काल सांगतली असती तं तुही मिशी झडली असती का?" ती म्हणाली.

त्यानं तिथंच चार स्क्रू काढले. बाया एसटीनं बाजाराला गेल्या.

८

भेजा घेऊन तो दुसऱ्या दिवशी वणीला गेला. उत्तमसिंग म्हणाला, वापस घेत नाही. मिस्त्री म्हणाला, वापस नको, जागेवर लावून जातो. उत्तमसिंगला वाटलं, म्हातारा सरकला.

लोंबतं दार बाजूला सारून सेवादासनं आत डोकं घातलं. पायडल वर होतं.

"हे कोनं काढलं?"

उत्तमसिंग वाकून बघायला लागला. "अरे! मी हात नाई लावला मिस्त्री, आईच्यान. इथी कोनी आलं नाई." त्यानं डोकं खाजवलं. "परवा तं खालीच होतं. काल संध्याकाळी टायर काढाले आलतो तवा ध्यान नाई गेलं."

मिस्त्रीनं हातानं पायडल दाबून बघितलं. लोण्यासारखं खाली गेलं आणि लोण्यासारखं वर आलं. त्यानं डबा जागेवर ठेवला, दोन्ही सॉकेट लावले, चारही स्क्रू आवळले. भंगारात जाणाऱ्या गाडीचे स्क्रू एवढे नीट कोणी आवळत नाही. मग त्यानं दार लोटलं. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या त्याला झोप लागली ती यवतमाळला कंडक्टरनं हलवलं तेव्हा मोडली. आठ दिवसांत एवढी झोप त्याला लागली नव्हती.

श्रावणनं आपल्या मेव्हण्याची जुनी जीप आणली, बिनभेज्याची. तिचा गिअरबॉक्स सेवादासनं एका दिवसात बांधून दिला. वेचणी चुकली नाही. श्रावण पंधरा दिवस तोंड फुगवून राहिला, मग स्वतःच चहा घेऊन आला. आणि तांड्यात नाव खराब झालं ते झालंच. मिस्त्री म्हणाला, होऊ दे. दिग्रसच्या बाकीच्या मिस्त्रींना त्यानं नेमात एक गोष्ट वाढवून सांगितली: स्टिअरिंग, सीट, मूठ, हॉर्न, पायडलं, आणि भेजा. दोघं-तिघं हसले. हसू दे.

पुढच्या महिन्यात अठरा नंबर आला. कडुलिंबाखाली बाप-लेक बसले. दीपानं मथळा वाचला, दुसरी ओळ वाचली, तिसरी वाचली, आणि बाप अडवत नाही म्हणून तिनंच मान वर करून बघितलं.

चारचा भोंगा होऊन गेला होता. रोडवरून पुसदची लाल गाडी गेली. मिस्त्री शेडखाली उभ्या असलेल्या श्रावणच्या जीपच्या मागच्या दिव्यांकडे बघत होता. नवा भेजा बसला होता, वायर जोडलेली होती. धूळ खाली बसली. दिवे काळेच होते.

त्यानं बिडी पेटवली.

"थांबली काहून?" तो म्हणाला. "पुढचं वाच."